मी दारवान आत बोलावले

मी एक जुनी पेशी आहे. माझ्या शेजारच्या कितीतरी पेशी आल्या आणि गेल्या. मी मात्र अजून जागा सोडलेली नाही. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि पुढेही पाहणार नाही, म्हणून आधी पत्ता सांगते. एका बाईच्या डाव्या फुफ्फुसात एक बारीक श्वासनळी आहे. तिच्याभोवती स्नायूंचे एक कडे आहे. त्या कड्यात मी राहते. आम्ही कड्यातल्या साऱ्याजणी आवळलो की नळी अरुंद होते आणि सैल झालो की रुंद होते. आयुष्यभर मी ही दोनच कामे केली. मला शाळेत घातले असते तर दोनच विषयांत पास झाले असते.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करते, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको. मी चिडकी आहे. धूळ आली की मी आवळते, थंड हवा आली की आवळते, आणि विचार मागाहून करते. माझ्या या स्वभावापायी, आणि मी केलेल्या एका शहाणपणापायी, एकदा माझ्या बाईचा जीव जाता जाता राहिला. तीच हकिकत मला सांगायची आहे.

मला डोळे नाहीत. पण छातीत राहणाऱ्याला ऐकू फार छान येते. बाई बोलली की तिचा आवाज माझ्या अंगावरूनच वर जातो. तिच्या हातोडीचे ठोके दंडातून आणि बरगड्यांतून माझ्यापर्यंत येतात. तिचे घर, घराखालचे दुकान, तिचे वडील, हे सगळे मी ऐकून ऐकून ओळखते.

बाई जुन्या खुर्च्या आणि सोफे मढवते. बसून बसून खड्डा पडलेली खुर्ची तिच्याकडे येते. ती वरचे कापड फाडते, आतला काथ्या आणि कुजका कापूस उपसते, स्प्रिंगा पुन्हा बांधते, नवे भरण घालते आणि नवे कापड ताणून बारीक खिळ्यांनी ठोकते. हे काम तिला वडिलांनी शिकवले, म्हणून दोघांची पद्धत एकच. दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले, मग खिळे धरायचे कुठे? तर तोंडात. मूठभर खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीचे चुंबकाचे टोक ओठांना लावून तो उचलायचा आणि ठोकायचा. तुम्ही हे चुकूनही करून पाहू नका. वडील मात्र छाती फुगवून म्हणायचे, "ज्याच्या तोंडात खिळे नाहीत तो कारागीर नाही, गिऱ्हाईक आहे!"

आता तोंडात खिळे म्हटल्यावर तोंडावर मास्क कुठून येणार? एकेका खुर्चीच्या पोटातली वीस वीस वर्षांची धूळ तडक आमच्या गल्लीत यायची. तरी पहिली बरीच वर्षे सुखाची गेली. "माझ्या पोरीची छाती म्हणजे लोहाराचा भाता," असे वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्या भात्यात माझाही वाटा होता. अर्थात माझे नाव कोण घेणार?

आता माझ्या दारवानांची ओळख करून द्यायला हवी, कारण सगळे रामायण त्यांच्यामुळेच घडले. माझ्या अंगाभोवती एक पातळ पडदा आहे आणि त्यात जागोजाग दारवान बसलेले असतात. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना ग्राही म्हणतात. त्यांना मीच घडवते. माझ्या मध्यभागी केंद्रक आहे आणि त्यात सगळ्या कृतींचे जाडजूड पुस्तक आहे. त्यातले दारवानाचे पान उतरवून घ्यायचे, त्याप्रमाणे एक लांब दोरा गुंफायचा आणि तो पडद्यात सात वेळा आतबाहेर ओवायचा. इतकी खटपट केली की एक दारवान उभा राहतो.

बाई घाबरली किंवा पळाली की तिच्या मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी रक्तात एक निरोप्या सोडतात. त्याचे नाव अ‍ॅड्रेनालिन. अशा निरोप्यांना संप्रेरक म्हणतात. हा येतो आणि माझ्या दारवानाच्या कुशीत नेमका बसतो. दारवान जरासा वळतो आणि आतल्या बाजूला निरोप देतो, "सैल व्हा!" मी सैल होते. निरोप्या उठून जातो आणि दारवान पुन्हा गप्प बसतो.

पुढे धुळीने आपले काम केले. नळीच्या आतल्या अस्तरात राहणाऱ्या माझ्या शेजारणी सुजल्या. त्यांची सूज पाहून मी आणखी चिडकी झाले. बाईला जिना चढताना धाप लागू लागली. खोकून खोकून तिच्या नाकी नऊ आले तेव्हा वडील तिला ओढतच दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन पंप दिले.

"ताई, हा निळा धाप लागली तरच घ्यायचा," त्या म्हणाल्या. "आणि हा तपकिरी रोज, सकाळ-संध्याकाळ. बरं वाटत असलं तरी."

"ह्यानं किती वेळात बरं वाटेल?"

"लगेच नाही वाटणार. सूज उतरायला दिवस लागतात. पण खरं औषध हेच आहे."

बाई "बरं" म्हणाली. पण ते "बरं" वरवरचे होते. तो आवाज माझ्या अंगावरून गेला, मला कळणार नाही तर कोणाला?

निळ्या पंपात अ‍ॅड्रेनालिनचा एक तोतया भाऊ असतो. दिसायला इतका सारखा की माझे दारवान फसतात, आणि त्यांनी फसावे हाच त्यामागचा हेतू. तो आला की पाच मिनिटांत मी सैल. बाई एकदम खूश! तपकिरी पंप तिने चार दिवस घेतला. काहीच जाणवले नाही. पाचव्या दिवशी तिने तो हलवून पाहिला आणि म्हणाली, "ह्याच्यात काही दम नाही. खिळा कसा, ठोकला की बसला पाहिजे."

मग टण् असा आवाज आला. वाकडे खिळे टाकायचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात तिने तो पंप टाकला होता.

मित्रांनो, ती मूर्ख नव्हती. तिच्या कामात हाच नियम होता. खिळा बसला की नाही ते त्याच क्षणी कळते आणि नाही बसला तर आणखी एक ठोका द्यायचा. तोच नियम तिने माझ्यावर लावला. निळा पंप दिवसातून दोनदा झाला, मग चारदा झाला. सूज तशीच, म्हणून धाप तशीच, म्हणून पुन्हा पंप. शेवटी तो तिच्या अंगातल्या एप्रनच्या खिशात राहू लागला आणि दिवसाला दहा-बारा वेळा फुस्स व्हायला लागला.

"औषध घेतलंस का गं?" वडील विचारायचे.

"घेतलं की, बाबा."

ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

असे दारवान तिच्या हाताच्या स्नायूंतही होते. तोतया तिथेही जाऊन पोचायचा आणि हात थरथरायचा. एकदा हातोडी खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसली.

"हात कापतोय तुझा," वडील म्हणाले.

"चहा जास्त झालाय, बाबा."

आता माझ्या बाजूने सांगते. माझी अवस्था काय झाली असेल? एकच हुकूम दिवसभर कानात. सैल व्हा, सैल व्हा, सैल व्हा! मी आधीच सैल झालेली, तरी हुकूम चालूच. तुमच्या खोलीत कोणी दिवसभर घंटा बडवली तर तुम्ही काय कराल? दार लावून घ्याल. मीही तेच केले.

आधी मी ओरडणाऱ्या दारवानांच्या आतल्या टोकावर शिक्के मारले आणि त्यांच्यावर टोप्या बसवल्या. तोतया बाहेरून कुशीत बसला तरी निरोप आत येईना. एवढ्याने भागेना तेव्हा पडदा आत खेचून छोट्या पिशव्या केल्या आणि दारवानांना त्यांत घालून आत बोलावले. थोडा निवांतपणा मिळाला असता तर मी त्यांना पुसून-सवरून परत दारात बसवले असते. एरवी मी तसेच करते. पण निवांतपणा कुठला? फुस्स, फुस्स, फुस्स. मग मी वैतागले. आत आलेल्या पुष्कळ दारवानांना मोडीत काढले आणि नव्यांचे पान उतरवून घेणे जवळजवळ बंद केले. शंभर दारवानांच्या जागी तीस-पस्तीस राहिले असतील.

मला शांत वाटले. मी स्वतःवर खूश होते, हे सांगायला आज लाज वाटते.

वडिलांची एक खुर्ची होती. चाळीस वर्षे ते तिच्यातच बसत. तिची एक स्प्रिंग सुटून त्यांना टोचायची, तरी "माझ्या खुर्चीला हात लावायचा नाही" असा त्यांचा दम होता. जगाच्या खुर्च्या मढवल्या आणि स्वतःची तशीच. एका दुपारी ते केस कापायला गेले तेव्हा बाईने ठरवले, ते यायच्या आत खुर्ची उघडायची. त्यांना चकित करायचे होते तिला. तोंडात खिळे घेऊन, गुणगुणत तिने बैठकीचे कापड टरकन फाडले.

चाळीस वर्षांची धूळ एकदम वर आली.

मी आवळले. माझ्यासोबत साऱ्याजणी आवळल्या, या नळीतल्या, त्या नळीतल्या. बाईने खिळे थुंकले. फरशीवर ते पडल्याचा आवाज मी ऐकला. मग पंप. एक, दोन, चार, सहा. तोतये झुंडीने आले. त्यांच्यामागून रक्तातून खरा अ‍ॅड्रेनालिनही धावत आला, कारण आता बाई खरोखर भ्यायली होती. ते सगळे माझ्या पडद्यावर दारोदार फिरले. बसायला कोणाची कूस मिळेना. जे थोडे दारवान उरले होते त्यांतल्या निम्म्यांवर मीच टोप्या घातलेल्या. इतक्या मोठ्या संकटाची हाक माझ्यापर्यंत आली ती कुजबुजीसारखी.

मला सैल व्हायचे होते. मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवा, मला मनापासून सैल व्हायचे होते. पण इच्छेने पेशी सैल होत नाही, त्यासाठी निरोप आत यावा लागतो.

दार वाजले. वडील आले होते.

"अगं, खुर्ची का... काय झालं? पोरी? काय झालं?"

"बा..." एवढेच तिच्याने झाले. दुसऱ्या अक्षराला श्वास उरला नव्हता.

वडिलांचे धाबे दणाणले. शेजारचा सुतार धावत आला. "आजोबा, तुम्ही तिला नुसतं बसतं ठेवा, मी गाडी काढतो," असे तो म्हणाला, आणि मग सारा वेळ मला फक्त वडिलांचा एकच आवाज ऐकू येत होता. "श्वास घे. हळू. मी आहे. श्वास घे." त्यांचा हात तिच्या पाठीवर, बरोबर माझ्या मागे होता.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. निळ्या पंपातलेच औषध वाफेसारखे सतत दिले, आणि सोबत दुसरे एक, ज्याने मला "आवळा" असे सांगणाऱ्या दारांनाच कडी घातली. उरलेल्या दारवानांनी जिवाच्या आकांताने निरोप दिले. मी केसभर सैल झाले. केसभरच. पण तेवढ्या फटीतून हवा जात राहिली.

मग सुईने एक वेगळा निरोप्या आला. तपकिरी पंपात असतो त्याचाच हा थोरला भाऊ. याची रीत निराळी. हा दारवानाला विचारत नाही, सरळ पडदा ओलांडून आत येतो. त्याचा ग्राही दारात नसतो, माझ्या आत, घराच्या मधल्या भागात बसलेला असतो. दोघे भेटले की हातात हात घालून केंद्रकात जातात आणि कृतींचे पुस्तक उघडतात. शेजारणींकडे त्यांनी सुजेची पाने मिटवली. आणि माझ्याकडे दारवानाचे पान उघडून मला म्हणाले, "उतरवून घे."

मी उतरवून घेऊ लागले. पण हे काम ठोकला-आणि-बसला असे नसते. पान उतरवायचे, दोरा गुंफायचा, सात वेळा ओवायचा, पडद्यापर्यंत पोचवायचा. तास लागतात. ते तास कसे गेले ते मला विचारू नका. एकीकडे बाईची प्रत्येक शिट्टीसारखी वाजणारी धाप आणि दुसरीकडे माझे काम. इतक्या घाईने मी आयुष्यात कधी दारवान घडवले नव्हते.

बाहेर डॉक्टरीणबाई वडिलांशी बोलत होत्या.

"काका, तपकिरी पंप रोज घेत होत्या का?"

"घेते ना. दिवसातून दहादा घेते. खिशातच असतो तिच्या."

"दहादा? कुठल्या रंगाचा?"

"निळा."

 मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. निळा सतत मारला की पेशी त्याची हाक ऐकण्याची दारे कमी करतात, आणि आतली सूज तर वाढतच राहते. "धाप लागली तर निळा घ्यायलाच हवा, त्याला पर्याय नाही," त्या म्हणाल्या. "पण तो वरचेवर लागायला लागला, की लगेच माझ्याकडे यायचं. रोजचं काम तपकिरीचं."

वडील हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे स्प्रिंगेसारखं झालं. खुर्चीवरून कोणी उठलंच नाही, तर ती वर कधी येणार?"

"तसंच काहीसं, काका."

संध्याकाळपर्यंत शिट्टी कमी झाली. दुसऱ्या दिवशी बाईने पूर्ण वाक्य बोलून दाखवले, आणि ते वाक्य होते, "बाबा, खुर्ची तशीच उघडी पडलीय का हो?"

वडिलांच्या जिवात जीव आला. माझ्याही.

तिसऱ्या दिवशी ते कागदाची एक पुडी घेऊन आले. खुर्ची त्यांनी अंगणात नेऊन, नाकाला ओले फडके बांधून, स्वतः उपसली होती. बैठक आणि पाठ यांच्या सांध्यात हाताला काहीतरी लागले.

"ह्या बघ," ते म्हणाले. "नऊ आहेत."

"काय आहे?"

"गोळ्या. तू सात वर्षांची होतीस, ताप आला होता. मांडीवर बसवून मी रोज गोळी द्यायचो आणि तू 'गिळली, बाबा' म्हणायचीस. खुर्चीच्या फटीत कोंबायचीस होय! आणि मी जगाला सांगत फिरलो, माझी पोर एवढीशी असून कडू गोळी एका घोटात गिळते."

बाईला हसू फुटले. आधी नाकातून, मग घशातून आणि मग पोटापासून. मला धडकीच भरली, कारण अलीकडे हसण्यानेही मी आवळत असे. मी वाट पाहिली. हसू माझ्या अंगावरून गेले, परत आले, पुन्हा गेले. मी सैलच होते. माझे नवे दारवान जागेवर बसलेले होते.

तेवढ्यात वडिलांनी दुसऱ्या खिशातून आणखी काहीतरी काढून तिच्या हातावर ठेवले.

"आणि ही दहावी," ते म्हणाले.

तो तपकिरी पंप होता. वाकड्या खिळ्यांच्या डब्यातला.

बाईचे हसू थांबले. तिचा आवाज अगदी लहान झाला. "लगेच बसत नव्हता, बाबा."

"नवं भरण तरी लगेच बसतं का? गिऱ्हाईक म्हणतं, खुर्ची टणक लागतेय. तेव्हा तूच सांगतेस ना त्याला? आठ दिवस बसा, मग बोला." वडिलांचा हात पुन्हा तिच्या पाठीवर आला. "मला खुर्ची नको होती गं. तू हवी होतीस."

ती रडली. रडतानाही श्वास पुरला, एवढे मी माझ्या कामाबद्दल सांगते.

त्यानंतर महिने गेले. तपकिरी पंप आता हातोडीच्या खुंटीला दोरीने बांधलेला असतो. तो घेऊन गुळण्या केल्याशिवाय हातोडी हातात घ्यायची नाही असा नियम आहे. निळाही जवळ असतो, पण त्याला आता फारसे काम नसते. त्याची हाक क्वचित येते, म्हणून माझे दारवान पुन्हा भरपूर झाले आहेत. आली तर पहिल्याच फुस्सला मी ऐकते.

वडिलांच्या खुर्चीचे शेवटचे कापड दोघांनी मिळून लावले, उघड्या खिडकीजवळ. बाईच्या तोंडावर मास्क होता आणि खिळे वाटीत होते. वडिलांच्या तोंडात सवयीने मूठभर खिळे होतेच. ते तिच्याकडे पाहत थांबले असावेत, कारण ठोके थांबले. मग वाटीत खिळे पडल्याचा आवाज झाला, एकामागून एक, सगळे.

"दे तो दुसरा मास्क," ते म्हणाले. "आता आपण दोघंही गिऱ्हाईक."

मित्रांनो, मी म्हातारी पेशी, मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तुमच्या घरात कोणाकडे असे दोन पंप असतील, आईकडे, आजोबांकडे, कदाचित तुमच्याकडेच, तर रोज सकाळी एवढेच विचारा, "दुसरा घेतला का?" ज्याचा गुण लगेच दिसत नाही, तो. आम्ही आतली मंडळी हट्टी आहोत, आरडाओरडा केला की दार लावून घेतो. पण कोणी रोज हळूच हाक मारली तर आम्ही दारवान पुन्हा घडवतो, पुन्हा दारात बसवतो आणि वाट पाहतो.

हे सांगतानाच बाई जिना चढते आहे. तीन मजले, हातात कापडाचा गठ्ठा, आणि ती वडिलांशी भांडते आहे की हिरवे कापड चांगले की निळे. मधे श्वास घ्यायला ती थांबलीसुद्धा नाही. माझी आठवण कोणालाच नाही, आणि मला तेच हवे होते.